बोनाफाईडमधली तृतीया : मराठीच्या वाटेने लॅटिन

शिष्यवृत्तीचा अर्ज असो की रेल्वेचा पास, कॉलेजच्या खिडकीवर जाऊन ‘बोनाफाईड पाहिजे’ असं आपण कधी ना कधी म्हटलेलं असतं. कागद मिळतो, शिक्का बसतो, काम होतं. त्या शब्दात एक विभक्ती लपलेली आहे, हे मात्र तेव्हा कोणी सांगत नाही. मूळ लॅटिनमध्ये ते दोन शब्द आहेत, बोना फिदे. ‘फिदेस’ म्हणजे विश्वास, सचोटी. ‘बोना’ म्हणजे चांगली. एरवीचा ‘फिदेस’ इथे ‘फिदे’ झाला आहे, आणि शेपटीतला तो बदल म्हणजे आपला ‘ने’. बोना फिदे, म्हणजे सचोटीने. शाळेत ‘ने, ए, शी’ म्हणून घोकलेली तृतीयाच ती.

लॅटिन शिकायला बसणारे बहुतेक जण शब्दांची यादी पाठ करायला घेतात, आणि महिन्याभरात कंटाळतात. शब्द येतात, पण वाक्य लागत नाही. कारण लॅटिनमध्ये कोणी काय केलं हे शब्दाच्या जागेवरून कळत नाही, शेवटावरून कळतं. इंग्रजीतून लॅटिनकडे जाणाऱ्याला ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी लागते. आपण ती घेऊनच आलेलो असतो. ‘मुलगी नोकराला बघते’ आणि ‘नोकराला मुलगी बघते’ यांत बघणारी कोण याबद्दल आपल्याला शंका येत नाही, कारण ‘ला’ कुठेही गेला तरी ‘ला’च राहतो. लॅटिनमध्ये ‘पुएल्ला सेर्वुम विदेत’ म्हणा नाहीतर ‘सेर्वुम पुएल्ला विदेत’ म्हणा, मुलगीच नोकराला बघते. पुएल्ला म्हणजे मुलगी, सेर्वुस म्हणजे गुलाम किंवा नोकर, आणि ‘सेर्वुस’चा ‘सेर्वुम’ झाला की तो कर्म झाला. क्रियापद बहुधा शेवटी येतं, आपल्यासारखंच. ‘अ’, ‘द’ असली उपपदं लॅटिनमध्ये नाहीत, आपल्याकडेही नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा, की लॅटिनची सुरुवात मराठी व्याकरणातून करावी. मराठी कुठे साथ देते आणि कुठे चकवते, एवढं कळलं की पहिल्या काही महिन्यांची निम्मी वाट सरली.

आधी विभक्त्या. आपल्या आठ, लॅटिनच्या सहा, आणि सातवीचे थोडे अवशेष. प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया आणि संबोधन सरळ जुळतात. उरलेली जी आहे ती पाश्चात्त्य पुस्तकांत ‘ॲब्लेटिव्ह’ नावाने भेटते. तिच्यात आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी अशा तिन्ही एकत्र वितळल्या आहेत. ‘ने’, ‘हून’ आणि ‘त’ ही तीन कामं एकाच रूपाकडे. त्या रूपाचा नक्की अर्थ कोणता हे पुढचं-मागचं पाहून, किंवा आधी आलेल्या छोट्या शब्दावरून ठरतं. ‘कुम’ असेल तर सोबत, ‘एक्स’ असेल तर मधून, ‘इन’ असेल तर आत.

तिचं लॅटिन नाव ‘आब्लातीवुस’, म्हणजे ‘काढून नेण्याची’. चतुर्थीचं नाव ‘दातीवुस’, म्हणजे ‘देण्याची’. आता संस्कृत कारकांची नावं आठवा. पंचमीचं अपादान, म्हणजे काढून घेणं. चतुर्थीचं संप्रदान, म्हणजे देणं. भूमध्य समुद्राकाठच्या आणि सिंधूकाठच्या वैयाकरणांनी आपापल्या भाषेकडे बघून जवळजवळ सारखीच नावं ठेवावीत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वही बाजूला ठेवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

रोज कानावर पडणाऱ्या शब्दांत या विभक्त्या जशाच्या तशा टिकून आहेत. पोस्टमॉर्टेम घ्या. ‘पोस्त’ म्हणजे नंतर, आणि ‘मोर्स’ (मृत्यू) या शब्दाची द्वितीया ‘मोर्तेम’. आपल्याकडे ‘मृत्यूनंतर’ म्हणताना ‘नंतर’ मागे येतो, लॅटिनमध्ये तो पुढे येतो आणि पुढच्या शब्दाला अमुकच विभक्ती लाव म्हणून सांगतो. उच्च न्यायालयाने ‘सुमोटो’ दखल घेतली, असं वर्तमानपत्रात येतं. ते मूळचं ‘सुओ मोतू’. ‘मोतुस’ म्हणजे हालचाल, म्हणून ‘आपल्याच हालचालीने’, आपणहून. पुन्हा तोच ‘ने’. अर्थशास्त्रातलं ‘पर कॅपिटा’ म्हणजे ‘पेर कापिता’, डोक्यांमागे. मराठीने त्याला ‘दरडोई’ हा जो शब्द दिला तो इतका नेमका आहे की ‘कापुत’ म्हणजे डोकं हे वेगळं पाठ करायची गरज राहत नाही. आणि वकिलाच्या पाटीवरचं ‘एलएल.बी.’? त्यात ‘एल’ दोनदा का? ‘लेक्स’ म्हणजे कायदा, ‘लेगुम’ म्हणजे कायद्यांचा, षष्ठीचं अनेकवचन. शब्द अनेकवचनी असला की संक्षेपात त्याचं पहिलं अक्षर दोनदा लिहायची लॅटिन रीत होती. तो दुसरा ‘एल’ म्हणजे अनेकवचनाची खूण.

‘अजेंडा’ आणि ‘डेटा’ हे शब्दही अनेकवचनीच. ‘आगेन्दुम’ म्हणजे करायचं काम, ‘आगेन्दा’ म्हणजे करायची कामं. ‘दातुम’ म्हणजे दिलेलं, ‘दाता’ म्हणजे दिलेल्या गोष्टी. नपुंसकलिंगी शब्दाचं अनेकवचन लॅटिनमध्ये नेहमी ‘आ’ने संपतं, आणि त्याची प्रथमा व द्वितीया कायम एकसारखी असते. संस्कृतमध्ये ‘वनम्’ प्रथमेलाही आणि द्वितीयेलाही, हे ज्याने शाळेत पाठ केलं आहे त्याला हा नियम नवा नाही.

आता चकवे. पहिला चकवा ‘ला’चा. आपल्या कोष्टकात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हीकडे ‘स, ला, ते’ असतं, त्यामुळे ‘नोकराला बघते’ आणि ‘नोकराला पाणी देते’ यांतला फरक आपल्याला जाणवत नाही. लॅटिनला जाणवतो. बघते तर ‘सेर्वुम’, देते तर ‘सेर्वो’. ‘ला’ दिसला की थांबून विचारायचं, इथे काही दिलं जातंय का, सांगितलं जातंय का? तसं असेल तर चतुर्थी. दुसरा चकवा याच्या उलट आहे. ‘मुलगी पाणी आणते’ यात ‘पाणी’ला आपण काहीच लावत नाही, कारण निर्जीव कर्माला मराठीत प्रत्यय लागत नाही. लॅटिनला सजीव-निर्जीवाचं देणंघेणं नाही. पाणी म्हणजे ‘आक्वा’, पण इथे ‘पुएल्ला आक्वाम पोर्तात’. हा शेवटचा ‘म’ मराठी विद्यार्थ्याच्या वहीतून सगळ्यात जास्त गळतो.

तिसरा चकवा सगळ्यांत मोठा. तो समजला की लॅटिनच काय, मराठीही नव्याने दिसते. भूतकाळात आपण म्हणतो, ‘मुलीने चिठ्ठी लिहिली’. कर्ता तृतीयेत गेला आणि क्रियापद चिठ्ठीच्या मागे गेलं. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून ‘लिहिली’, पत्र असतं तर ‘लिहिलं’. लॅटिनचा साधा भूतकाळ असं करत नाही. ‘पुएल्ला एपिस्तुलाम स्क्रिप्सित’. मुलगी प्रथमेतच, चिठ्ठी द्वितीयेतच, आणि क्रियापदाला लिंग नाही. मराठी मन इथे मुलीला ‘ने’ लावायला धावतं, त्याला आवरावं लागतं. पण मग लॅटिनचा कर्मणी प्रयोग पाहा. ‘एपिस्तुला आ पुएल्ला स्क्रिप्ता एस्त’. चिठ्ठी प्रथमेत, मुलगी ‘ने’च्या विभक्तीत, आणि ‘स्क्रिप्ता’ चिठ्ठीप्रमाणे स्त्रीलिंगी. आपलं ‘मुलीने चिठ्ठी लिहिली आहे’ जसंच्या तसं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे प्रकरण अवघड वाटतं. आपण ते स्वयंपाकघरात बसून दिवसातून शंभर वेळा बोलतो.

स्थळाबाबतही एक बारीक गोष्ट आहे. ‘बागेत काम करतो’ आणि ‘बागेत येतो’, आपल्याला दोन्हीकडे ‘त’ चालतो. लॅटिनमध्ये असणं वेगळं, जाणं वेगळं. ‘इन होर्तो’ म्हणजे बागेत आहे, ‘इन होर्तुम’ म्हणजे बागेत शिरतो आहे. आणि खरी जुनी सप्तमी लॅटिनमध्ये मोजक्या शब्दांत उरली आहे. ‘दोमी’ म्हणजे घरी. मराठीतही ‘ई’ची सप्तमी अशीच मोजक्या शब्दांत उरली आहे, घरी, दारी, रानी. दोन्ही भाषांना सगळं सोडून देताना ‘घरी’ मात्र सोडवलं नाही.

आता नामांच्या कुळांकडे वळू. लॅटिन नामं पाच गटांत चालतात, आणि इथेच कोष्टकांची भीती वाटते. ती भीती घालवायला मराठीचं सामान्यरूप पुरेसं आहे. आपण ‘देऊळात’ म्हणत नाही, ‘देवळात’ म्हणतो. ‘पाऊस’चं ‘पावसात’, ‘कापूस’चं ‘कापसाला’. प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं अंग बदलतो, आणि ते बदललेलं अंग पुढे सगळीकडे चालतं. लॅटिनचा तिसरा गट नेमकं हेच करतो. ‘रेक्स’ म्हणजे राजा, पण राजाचा म्हणजे ‘रेगिस’. ‘फ्लोस’ म्हणजे फूल, फुलाचा म्हणजे ‘फ्लोरिस’. ‘कापुत’चं ‘कापितिस’. अंग आहे रेग-, फ्लोर-, कापित-. मुंबईत कुलाब्याच्या रीगल सिनेमापासून हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनपर्यंत चालत गेलात तर दोन लॅटिन सामान्यरूपं पाहून होतात. एकात ‘रेग-’, दुसऱ्यात ‘फ्लोर-’. फ्लोरा ही रोमनांची फुलांची देवी, म्हणून कारंज्याच्या माथ्यावर ती उभी आहे.

म्हणूनच लॅटिन शब्दकोश नाम कधी एकटं देत नाही. प्रथमा, षष्ठी आणि लिंग अशी तिन्ही देतो, आणि तिन्ही एकत्रच पाठ करायची असतात. यात आळस केला तर पुढे फार महागात पडतं. ‘उस’ने संपणारे तीन शब्द घ्या. सेर्वुस, षष्ठी सेर्वी, पुल्लिंगी. सोक्रुस (सासू), षष्ठी पुन्हा सोक्रुसच पण शेवटचा ऊ दीर्घ, स्त्रीलिंगी. कोर्पुस (शरीर), षष्ठी कोर्पोरिस, नपुंसकलिंगी. दिसायला भावंडं, पण तीन वेगळ्या घरांतली. परकं वाटत असेल तर मोती, नदी आणि पाणी शेजारी ठेवा. तिन्ही ‘ई’ने संपतात, पण तो मोती, ती नदी, ते पाणी. मोत्याला, नदीला, पाण्याला. मराठी शिकणारा परदेशी माणूस आपल्या ‘ई’पुढे जसा गोंधळतो, तसे आपण त्यांच्या ‘उस’पुढे गोंधळतो, आणि दोघांनाही उपाय एकच, शब्द त्याच्या लिंगासकट आणि सामान्यरूपासकट लक्षात ठेवणं.

लिंगाची खरी कसोटी विशेषणावर लागते. ‘आग्रिकोला’ म्हणजे शेतकरी. शब्द पुएल्लासारखा ‘आ’ने संपतो, पण पुरुषवाचक आहे, म्हणून चांगला शेतकरी म्हणजे ‘आग्रिकोला बोनुस’ आणि चांगली मुलगी म्हणजे ‘पुएल्ला बोना’. मोठा हत्ती आणि मोठी नदी, तसंच हे.

क्रियापदं त्या मानाने सोपी. करणारा कोण हे शेवटच सांगतो, म्हणून ‘मी’, ‘तू’ वेगळं म्हणायची गरज नसते. ‘येतोस का?’ ‘येतो.’ लॅटिनमध्येही ‘वेनिस्ने?’ ‘वेनिओ.’ होकारासाठी स्वतंत्र एक शब्द त्या भाषेत नाही, क्रियापदच पुन्हा म्हणायचं. लिंगाची भानगडही नाही. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ दोन्ही ‘वेनिओ’च. संस्कृतचं ‘अस्’ ज्यांना आठवतं त्यांनी ही ओळ मोठ्याने वाचावी, सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. आणि शेजारी अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. मी आहे, तू आहेस, तो आहे. ‘ते आहेत’साठी सन्ति आणि सुन्त. सगळ्या क्रियापदांत अनेकवचनी तृतीय पुरुषाला हा ‘न्त’ भेटतो, तो एकदा कानात बसवावा.

क्रियापदाची चार रूपं एकत्र पाठ करायची असतात, वर्तमान, मूळ रूप, भूतकाळ आणि ‘केलेलं’ या अर्थाचं धातुसाधित. ‘फेरो’ म्हणजे मी वाहून नेतो. त्याचं मूळ रूप ‘फेर्रे’, भूतकाळ ‘तुली’, आणि ‘नेलेलं’ म्हणजे ‘लातुम’. एकाच क्रियापदाच्या पोटात तीन अनोळखी माणसं. पण ‘जातो’चा भूतकाळ ‘गेलो’ होतो याचं आपल्याला कधी आश्चर्य वाटलंय? तेही दोन वेगळ्या धातूंचं एकत्र नांदणं आहे. सरकारी नोकरीतली ‘ट्रान्सफर’ या फेर्-मधून आली, आणि मघाची ती ‘आब्लातीवुस’ विभक्ती याच्याच ‘लातुस’मधून.

शब्दसंग्रहासाठी आपल्याकडे संस्कृतचा खजिना आहे. पातेर, मातेर, फ्रातेर हे पिता, माता, भ्राता म्हणून ओळखायला कोणी लागत नाही. मला मात्र जास्त आपलंसं वाटतं ते सासर. सोक्रुस म्हणजे सासू, संस्कृत श्वश्रू. सोकेर म्हणजे सासरा, श्वशुर. नुरुस म्हणजे सून, स्नुषा. लेविर म्हणजे दीर, देवर. आपले हे चारही शब्द त्याच संस्कृत शब्दांतून झिजत झिजत आले. बैलाच्या मानेवरचं ‘जू’ म्हणजे संस्कृत युग, आणि लॅटिनमध्ये युगुम. हजारो वर्षांपूर्वी एकच भाषा बोलणाऱ्या लोकांच्या घरात सून होती आणि दारात जू होतं, हे या शब्दांवरून कळतं.

साम्य नेमाने चालतं. संस्कृतच्या ‘श’ला तिकडे ‘क’ मिळतो, दश-देकेम, शत-केन्तुम. शब्दाच्या आरंभी ‘भ’ला ‘फ’ मिळतो, भ्राता-फ्रातेर, भरति-फेर्त. वाक्यात मागे चिकटणारा संस्कृत ‘च’ तिथे ‘क्वे’ होतो, तोही मागेच चिकटतो. पण अर्थ तपासून घ्यावा. ‘विर’ म्हणजे वीर नव्हे, नुसता पुरुष.

हे साम्य नजरेस येण्यात आपल्या भूमीचाही वाटा आहे. ख्रिस्तपुराण मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले, आणि १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं त्यांनी नोंदवलं. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असं मांडलं ते १७८६मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांच्या कानाला ते कोकणी-मराठी ऐकता ऐकता जाणवलं होतं.

उच्चाराचं थोडक्यात. प्राचीन रोमनांचा उच्चार आणि चर्चमधला उच्चार असे दोन आहेत. पहिल्यात ‘क’ नेहमी ‘क’ राहतो, म्हणून इंग्रजीत ‘सिसरो’ म्हणतात त्या रोमन वक्त्याचं नाव किकेरो. दुसऱ्यात ‘ए’ आणि ‘इ’ पुढे असेल तर त्याचा ‘च’ होतो, चिचेरो. वसईत किंवा गोव्यात जुन्या पिढीने मिस्सेत ऐकलं ते दुसऱ्या प्रकारचं. कोणताही एक धरावा, मिसळू नये. त आणि द दंत्य म्हणावेत, ट आणि ड नव्हे. आणि ऱ्हस्व-दीर्घ जिवापाड सांभाळावं. ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक, ‘लीबेर’ म्हणजे मोकळा, बंधनात नसलेला. दिन आणि दीन यांतला फरक जो पाळतो त्याला हे सांगावं लागत नाही. ‘पुएल्ला’चा शेवटचा ‘आ’ आखूड असेल तर ती कर्ता, लांब असेल तर ‘मुलीने’. देवनागरीत हे दोन ‘आ’ वेगळे लिहिता येत नाहीत, म्हणून ते कानानेच शिकायचे.

आता एक वाक्य लावून पाहू. ‘आक्वाम नुरुस सोक्रुई दात.’ क्रियापद शेवटी, ‘दात’, एकच कोणीतरी देते. ‘आक्वाम’चा ‘म’ सांगतो, पाणी हे कर्म. ‘नुरुस’ला काही लागलेलं नाही, प्रथमा, म्हणजे देणारी सून. ‘सोक्रुई’त चतुर्थीची ‘ई’, देणं जिच्याकडे जातं ती सासू. सून सासूला पाणी देते. सुना देऊ लागल्या तर ‘दात’चं ‘दान्त’ होईल आणि ‘नुरुस’मधला शेवटचा ऊ दीर्घ होईल. आता वाक्य फिरवायचं आहे. ‘नुरुस’ला ‘ई’ लावा, ‘सोक्रुई’ची काढून घ्या. आक्वाम सोक्रुस नुरुई दात. सासू सुनेला पाणी देते.